पुएब्ला : आखणाऱ्यांचं आणि घडवणाऱ्यांचं

पुएब्लात पत्ता चुकायचा तर मुद्दाम प्रयत्न करावे लागतात. जुन्या शहराच्या मधोमध दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात आणि तिथून चारी दिशांना नुसते आकडे सुरू होतात. पूर्वेकडचे रस्ते ‘ओरिएन्ते’, पश्चिमेकडचे ‘पोनिएन्ते’, उत्तरेचे ‘नोर्ते’, दक्षिणेचे ‘सुर’. मुख्य चौकाच्या उत्तरेला सम आकडे, दक्षिणेला विषम. त्यामुळे ‘सहा ओरिएन्ते’ म्हटलं की कुणालाही न विचारता कळतं, चौकातून उत्तरेकडे तिसरा समांतर रस्ता आणि त्याची पूर्वेकडची बाजू. नोकरीची सगळी वर्षं मी नगररचना खात्यात लोकांचे नकाशे तपासले. ‘मारुतीच्या देवळामागे, पिंपळाजवळ’ असे पत्ते असलेल्या अर्जांवर सह्या केल्या. असं शहर पाहिल्यावर मला काय वाटलं असेल ते त्या खात्यातल्या माणसांनाच कळेल.

माझा भाचा तिथे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. पुएब्ला हे मोटारींचं गाव. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे 1960च्या दशकापासून आहे, आणि जगातली शेवटची जुनी ‘बीटल’ 2003च्या जुलैत तिथूनच बाहेर पडली. भाचा म्हणाला, “मावशी, मेक्सिको सिटी सगळेच बघतात, तू इथे ये.” मेक्सिको सिटीहून बसनं दोन-अडीच तास लागतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,150 मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपटीहून उंच. सपाट रस्त्यावरही पहिल्या दिवशी धाप लागते. लागू द्यावी, भरपूर पाणी प्यावं आणि सावकाश चालावं. नाहीतरी हे शहर भरभर चालत बघण्यासारखं नाही.

आता हा आकड्यांचा आराखडा आला कुठून? मेक्सिकोतली कितीतरी जुनी शहरं स्पॅनिशांनी तिथल्या लोकांची शहरं पाडून त्यांच्याच जागी बांधली. पुएब्ला तसं नाही. व्हेराक्रूझ बंदर आणि मेक्सिको सिटी यांच्या वाटेवर मोकळ्या माळावर 1531 साली ते नव्यानं वसवलं गेलं, आणि तेही एका सरकारी प्रयोगासाठी. अझ्टेकांची राजधानी 1521मध्ये पडली, पण विजयात वाटा न मिळालेले कितीतरी स्पॅनिश नुसते भटकत होते. त्यांना जमीन द्यावी, त्यांनी स्वतः नांगर धरावा, स्थानिकांच्या जिवावर जगू नये, अशी ती कल्पना. कल्पनेत काही वाईट नव्हतं. पण स्वतः नांगर धरणाऱ्यांची ही वसाहत उभारायला त्लाक्साला, चोलुला आणि आसपासच्या गावांतून हजारो स्थानिक माणसं वेठीला आणावी लागली. शहर स्पॅनिशांचं आणि घाम दुसऱ्यांचा, हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं. पहिली वसाहत पावसात वाहून गेली, तेव्हा नदीच्या पलीकडच्या तीरावर ती पुन्हा मांडली. रस्त्यांची जाळी, साधारण शंभर वार गुणिले दोनशे वारांच्या आयताकृती चौकटी. ‘देवदूतांनी दोऱ्या लावून आखणी केली’ ही दंतकथा शहराला इतकी प्रिय की त्याचं नावच ‘देवदूतांचं पुएब्ला’ पडलं. दोऱ्या कुणी धरल्या असतील ते मला माहीत आहे. आमच्याकडे अशा मोजणीवरच्या मजुरांना चेनमन म्हणत.

ती नदी आता शोधून सापडत नाही. सान फ्रान्सिस्को हे तिचं नाव. पश्चिम काठाला स्पॅनिश चौकटी, पूर्व काठाला कामकऱ्यांच्या वस्त्या: अनाल्को, एल आल्तो, विटा भाजणाऱ्यांचं शानेनेत्ला. नदी म्हणजे शहराची शीव होती. 1960च्या दशकात तिला बंदिस्त करून वरून रुंद रस्ता काढला. त्या रस्त्याच्या कडेला मी उभी राहिले, गाड्यांचा लोंढा बघितला, आणि पुण्यातले बुजवलेले ओढे आठवल्याशिवाय राहिले नाहीत. फाइलवर अशा कामाला ‘सुधारणा’ म्हणतात. पण शीव गाडली तरी फरक अजून दिसतो. रस्ता ओलांडला की गल्ल्या वाकड्या होतात, घरं बुटकी होतात, भिंतींवर मोठमोठी रंगीत चित्रं दिसायला लागतात. अनाल्कोचा रविवारचा बाजार बघावा, इथे लोक भाव करतात आणि कुणी चेहरा पाडत नाही.

मुख्य चौकाला ‘सोकालो’ म्हणतात. झाडं, बाकं, फुगेवाले, बूटपॉलिशवाले, तिन्ही बाजूंना कमानींचे ओटे आणि चौथ्या बाजूला कॅथेड्रल. त्याचे मनोरे जवळजवळ 70 मीटर उंच आहेत. बांधकाम 1575मध्ये सुरू झालं आणि 1649मध्ये बिशप पालाफोक्स यांनी त्याचं पवित्रीकरण केलं. आत शिरल्यावर मान दुखेपर्यंत वर बघणं होतं, त्याविषयी मी वेगळं काय सांगणार? या पालाफोक्स बिशपांचं मला जास्त कौतुक वाटलं ते दुसऱ्या कारणानं. 1646मध्ये त्यांनी स्वतःची 5,000 पुस्तकं देऊन टाकली आणि ज्याला वाचता येतं त्याला ती वाचायला मिळावीत अशी अट घातली. आज ‘पालाफोक्सियाना’ ग्रंथालयात 40,000हून अधिक जुनी पुस्तकं आहेत. कोरीव लाकडाच्या तीन मजली कपाटांत ती बसलेली आहेत. हात लावता येत नाही. एका खांद्यावर बॅग असली तरी राखणदार बाई ती पुढे घ्यायला लावते, आणि बरोबरच करते.

चौकापासून दोन पावलांवर एक घर आहे, ‘कासा दे लोस मुन्येकोस’, बाहुल्यांचं घर. तिथे माझा बराच वेळ गेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस ओवान्दो नावाच्या धनिकानं ते बांधलं. लाल विटांच्या भिंतीवर रंगीत फरशांतून काढलेल्या, जवळजवळ माणसाएवढ्या आकृत्या आहेत. कुणी तोंड वेंगाडलेलं, कुणी उघडंवाघडं, कुणी हातवारे करतंय. लोक सांगतात ते असं: घराची उंची नगरपालिकेच्या इमारतीपेक्षा जास्त होतेय म्हणून तिथल्या सभासदांनी आडकाठी केली. मालक वरपर्यंत भांडला, परवानगी मिळवली आणि मग दर्शनी भिंतीवर त्या सभासदांची वेडीवाकडी चित्रं कायमची चिकटवून टाकली. काही अभ्यासक म्हणतात, या आकृत्या पुराणकथेतल्या हर्क्युलिसच्या पराक्रमांच्या आहेत. असतीलही. पण मी टेबलाच्या पलीकडे बसून लोकांच्या वाढीव मजल्यांवर शेरे मारलेत. त्या आकृत्यांच्या चेहऱ्यावरचा राग मला पुराणातला वाटला नाही.

या फरशा हे पुएब्लाचं खरं अंग. या कामाला ‘तालावेरा’ म्हणतात. नाव स्पेनमधल्या गावाचं, तंत्र अरबांकडून स्पेनला आलेलं, निळा रंग चिनी मातीच्या भांड्यांवरून उचललेला, आणि माती इथली. सतराव्या शतकातच कारागिरांच्या संघानं नियम करून ठेवले होते. कुठल्या प्रतीच्या मालावर काय रंग चालेल, खूण कशी उमटवायची, इतकंच नाही तर उंची माल चिनी भांड्यांच्या नमुन्यावर असावा, असंही त्यांत होतं. पश्चिमेकडच्या रस्त्यावर ‘उरियार्ते’ हा कारखाना 1824पासून चालू आहे. तिथे काम बघू देतात.

दोन प्रकारची माती मिसळून, गाळून, मुरवून, पायानं तुडवतात. भांडं चाकावर घडवतात आणि कित्येक आठवडे सावलीत सुकवतात. पहिल्या भट्टीतून ते वीटकरी रंगाचं निघतं, मग कथिल आणि शिशाच्या दुधट द्रावात बुडवतात. रंगकाम त्या कोरड्या पांढऱ्या थरावर होतं. एक बाई थाळीवर काम करत होती. तिनं भोकं पाडलेला कागद थाळीवर धरला, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावरून आपटली, आणि आमच्या छापाच्या रांगोळीसारखे काळे ठिपके खाली उमटले. मग बारीक कुंचल्यानं रेघ. थर टीपकागदासारखा रंग ओढून घेतो, त्यामुळे हात थबकला तर तिथे डाग पडतो आणि पुसायची सोय नसते. ती बाई एका श्वासात पाकळी पुरी करायची आणि मगच मान वर करायची. दुसऱ्या भट्टीनंतर निळा रंग फुगून वर येतो. खऱ्या तालावेराची ओळख त्यात आहे: डोळे मिटून बोट फिरवा, निळं कुठे आहे ते बोटाला कळतं. रस्त्यावरच्या दुकानांतला स्वस्त माल सपाट लागतो. या कारागिरीची 2019मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली, मेक्सिको आणि स्पेनच्या नावावर मिळून. जुनं शहर तर 1987पासूनच जागतिक वारसा आहे.

तालावेराचं सगळ्यात देखणं काम मात्र चर्चमध्ये नाही, स्वयंपाकघरात आहे. सांता रोसा मठाचं ते स्वयंपाकघर. जमीन, भिंती, ओटे, चुलीच्या कमानी, छताचे घुमट, सगळं फरशांनी मढवलेलं. इथेच एका जोगिणीनं ‘मोले पोब्लानो’ पहिल्यांदा रांधला, अशी कथा आहे. पाहुणे यायचे होते, घरात होतं नव्हतं ते सगळं एकत्र वाटलं, वगैरे. मला या कथेचा संशय येतो. मिरच्या वाटून दाट कालवण करायची रीत या देशात स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि मठातल्या चुलीपाशी, वाटायच्या दगडापाशी बसत त्या स्थानिक बाया. हा दगड, ‘मेताते’, तीन पायांचा आणि उतरता असतो. त्याच्यामागे गुडघे टेकून बसायचं आणि दोन्ही हातांनी वरवंटा पुढे लोटायचा. त्या सुंदर फरशीवर गुडघे टेकून कुणी किती वर्षं वाटलं, हे दंतकथेत येत नाही.

मोलेची यादी वाचली तर जगाचा नकाशा समोर येतो. सुकवलेल्या तीन-चार जातींच्या मिरच्या, कोको, शेंगदाणे, टोमॅटो ही या मातीतली. तीळ, दालचिनी, लवंग, मिरी आशियातली. बदाम, मनुका स्पॅनिशांबरोबर आलेले. वर करपवलेली मक्याची भाकरी, रंगासाठी आणि दाटपणासाठी. चव पहिल्या घासाला गोडसर, दुसऱ्याला कडवट, आणि तिखट सावकाश मागून येतं. चॉकलेटची चव शोधायला जाऊ नये, ती मिसळून गेलेली असते. मला आवडलं. बरोबर आलेल्या बहिणीला नाही, पण ती शाकाहारी आहे आणि तिच्या ताटात नुसती भाकरी आणि संशय होता. शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवावं, मोलेत बहुधा डुकराची चरबी आणि कोंबडीचा रस्सा असतो. नुसता मांसाचा तुकडा बाजूला काढून भागत नाही.

याच शहरात ‘अरबी टाको’ मिळतात. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात इराक-लेबनॉनकडून आलेल्या कुटुंबांनी उभ्या सळईवर मांस भाजून रोटीत गुंडाळून विकायला सुरुवात केली. मेंढीऐवजी डुक्कर आलं, दह्याच्या चटणीऐवजी मिरचीची आली. आज पुएब्लाचा माणूस ते आपल्या आजीचं असल्यासारखं खातो.

आणि मग मिर्रा. मेक्सिकोतला भारतीय म्हटलं की आपल्याला वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे आठवतात. 1920च्या दशकात तिथे गेलेले क्रांतिकारक, चापिंगोच्या शेतकी शाळेत मक्यावर संशोधन केलेले, दिएगो रिवेराच्या भित्तिचित्रात जाऊन बसलेले. पण त्यांच्याआधी तीनशे वर्षं मिर्रा नावाची एक भारतीय मुलगी या शहरात आली होती, ती मात्र विकली जाऊन.

तिच्या चरित्रकारांच्या म्हणण्याप्रमाणे ती मुघल मुलखातल्या मोठ्या घरची. पोर्तुगीज चाच्यांनी पकडली, कोचीनला बाप्तिस्मा झाला, तिथून मनिलाला नेली. मनिलाहून दरवर्षी आशियाचा माल घेऊन गलबत पॅसिफिक ओलांडून आकापुल्कोला येत असे. रेशीम, मसाले, चिनी भांडी आणि माणसं. 1620च्या सुमारास ती त्या वाटेनं आली आणि मिगेल दे सोसा नावाच्या पुएब्लाच्या कप्तानाच्या घरात दासी झाली. कातारिना दे सान हुआन हे तिचं नवं नाव. आशियातून आलेल्या प्रत्येकाला तिथे ‘चिनो’ म्हणत, म्हणून हीही चिनी. पुढे मुक्त झाली, एका चिनी गुलामाशी लग्न लावलं गेलं, पण तिनं संसार केला नाही. उपास, जप, साक्षात्कार यांत आयुष्य काढलं. जानेवारी 1688मध्ये ती वारली तेव्हा तिच्या अंत्ययात्रेला शहर लोटलं. जेसुइटांच्या चर्चमध्ये तिला पुरलं, आणि तिच्या पाद्र्यानं तीन खंडांचं चरित्र छापलं. ते इतकं भक्तिभावानं ओथंबलेलं की धर्मन्यायालयानं काही वर्षांतच त्यावर बंदी घातली. तिची चित्रंही बाळगायला मनाई झाली.

आज बाजारात तिच्या नावानं काय मिळतं? झगमगीत टिकल्यांचा लाल-हिरवा घागरा, भरतकामाचं पोलकं, खांद्यावर शाल. ‘चीना पोब्लाना’ पोशाख, मेक्सिकोचा जणू राष्ट्रीय वेष. दुकानदार बिनदिक्कत सांगतो की तो तिनं भारतातून आणला. तसं काही नाही. हा पोशाख एकोणिसाव्या शतकातल्या सामान्य बायकांचा, आणि ती तर बहुधा जाडाभरडा काळा झगा घालून फिरायची. दोन गोष्टी नंतर कुणीतरी जोडल्या. मला त्या जोडणीचा राग आला. एक पकडून विकलेली मुलगी, तिचं सगळं आयुष्य घागऱ्याच्या टिकल्यांखाली झाकून टाकलं आहे. आशियातल्या दासांना स्पेनच्या राजसत्तेनं मुक्त ठरवलं ते 1672मध्ये. तोवर तिची बहुतेक हयात सरली होती. तिला पुरलं ते चर्च चौकाजवळच आहे. तिथे गेलात तर दोन मिनिटं बसा.

सांतो दोमिंगो चर्चमधलं ‘रोझारिओ’ चॅपेल 1690चं. चुन्याच्या नक्षीवर सोन्याचा वर्ख, इंचभर जागा मोकळी नाही. सगळी मार्गदर्शक पुस्तकं त्याच्यावर तुटून पडतात. माझा कौल शहराबाहेरच्या सांता मारिया तोनान्त्सिन्त्ला या छोट्या चर्चला. तिथल्या घुमटातही देवदूतांची गर्दी आहे, पण ते सावळे आहेत, डोक्यावर पिसांचे मुकुट आहेत, आणि भोवती फळं, कणसं, पानं लगडलेली. गवंडी स्थानिक होते. पाद्र्यानं स्वर्ग सांगितला, त्यांनी आपल्या शेताच्या बांधावरचा स्वर्ग घडवला.

शेजारीच चोलुला. 1519मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसनं इथे भर चौकात मोठी कत्तल केली. इथली टेकडी टेकडी नाहीच. तो कच्च्या विटांचा पिरॅमिड आहे. एकेक बाजू सुमारे 400 मीटर, घनफळानं जगातला सर्वांत मोठा. वर माती साचली, गवत उगवलं आणि त्यावर स्पॅनिशांनी चर्च बांधलं. माथ्यावरून समोर पोपोकातेपेत्ल दिसतो, 5,400 मीटरचा जिवंत ज्वालामुखी, बहुतेक वेळा धुराचा तुरा डोक्यावर घेतलेला. 1994पासून तो अधूनमधून राख टाकतोय. लोक सकाळी गच्ची झाडतात आणि कामाला लागतात. भूकंप जास्त छळतात. सप्टेंबर 2017च्या धक्क्यात कितीतरी घुमटांना तडे गेले.

5 मे 1862चा विजय मात्र शहर विसरू देत नाही. लोरेतो आणि ग्वादालुपेच्या टेकड्यांवर जनरल सारागोसाच्या फौजेनं, जिच्यात साधे शेतकरीही होते, फ्रेंचांना परत फिरवलं. वर्षभरात फ्रेंच पुन्हा आले आणि त्यांनी शहर घेतलं, हे फलकांवर जरा बारीक अक्षरात असतं. आपल्याकडच्या गडांवर फिरलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

जायचं असेल तर ऑगस्ट धरा. दुपारी पाऊस येतो, पण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच ‘चिलेस एन नोगादा’ मिळतात: भरलेली हिरवी मिरची, वर ताज्या अक्रोडाचं पांढरं वाटण आणि डाळिंबाचे दाणे, मेक्सिकोच्या झेंड्याचे तिन्ही रंग. बाकीच्या महिन्यांत कुणी खपवू लागलं तर घेऊ नका. संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात, तेव्हा तो दिवस तोनान्त्सिन्त्लाला द्या. मुक्काम चौकाजवळ करा, पायात सपाट तळाचे बूट घाला, आणि पत्ता लिहून न्यायची तसदी घेऊ नका. आकडा लक्षात ठेवला तरी पुरतं.